ते इंजिन मी फोडलं नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. वानखेड्यांच्या गाडीचं इंजिन मी फोडलं नाही. हे मी बरीच वर्षं तोंडी सांगत आलो आहे. तोंडी सांगताना माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की ऐकणारा माणूस उठून जातो. कागदावर तो धोका नाही, म्हणून यंदा लिहून देतो आहे.

अंकवाल्यांनी 'धंद्यातले अनुभव' मागितले तेव्हा मी विचारलं, किती पानं? ते चार म्हणाले, मी आठ म्हणालो, सहावर तुटलं. सहा पानांत माझा जन्म, शिक्षण, हालअपेष्टा वगैरे बसणार नाही. ते ज्यांना हवं असेल त्यांनी माले गावात विचारावं. तिथे माझं चरित्र माझ्यापेक्षा इतरांना जास्त माहीत आहे. इथे एवढंच की मी आयटीआय केलं, शहरातल्या एका गॅरेजमध्ये आठ वर्षं दुसऱ्याच्या नावाने गाड्या दुरुस्त केल्या, आणि १९९८ साली पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःची पत्र्याची शेड टाकली. त्या आठ वर्षांत माझ्या शेजारच्या गाडीवर सुहास नावाचा माणूस काम करायचा. तो पुढे येणार आहे.

शेडचे पहिले दिवस सोपे होते. शनिवार-रविवारी शहरातली माणसं धरण बघायला यायची, चढावर त्यांच्या गाड्या तापायच्या आणि उतरावर माझ्या दारात थांबायच्या. एका रिसॉर्टवाल्याची व्हॅन होती. ती चालू झाली की पाहुणे झोपेतून उठतात अशी त्याची तक्रार होती, म्हणून मी सायलेन्सर बदलून दिला. महिन्याने तो परत आला, की आता पाहुणे वेळेवर उठत नाहीत, जुना सायलेन्सर आहे का? मी ठेवला होता. मी काहीच फेकत नाही.

मग हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि नवीन जातीचं गिऱ्हाईक यायला लागलं. याची गाडी चांगली असते. तिला काही झालेलं नसतं. त्याला तिला काहीतरी करून हवं असतं. डॉक्टरकडे धडधाकट माणूस यावा आणि त्याने म्हणावं, माझा रक्तदाब वाढवून द्या, तसं. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर मी इंजिनाचे कॉम्प्युटर शिकलो, एक जुना लॅपटॉप घेतला आणि हसणं बंद केलं.

नितीन वानखेडे त्यांतलाच. अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी, स्वभावाने गरीब. त्याने एक सेकंड हँड पेट्रोल सेदान घेतली आणि तिला सुहासकडून टर्बो बसवून घेतला. सुहासचं तोवर शहरात काचेच्या दाराचं दुकान झालं होतं. आत एसी होता आणि दारावर 'परफॉर्मन्स' हा शब्द होता. टर्बो म्हणजे एक पंखा. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो आणि आत जाणारी हवा दाबून भरतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. सुहासने काम वाईट केलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

वानखेडे माझ्याकडे आला तो बायकोसह. २००६ चा उन्हाळा होता. गाडी बाईच चालवत होती. शेडच्या दारात तिने ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. ती खाली उतरली, दार लावलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"दाखवलं मी," ती म्हणाली. "आता तू सांग."

तिचं नाव प्राची. तीही हिंजवडीतच होती. कंपनीत तिचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. अशा कामाला पगार मिळतो हे मला तेव्हा नव्यानेच कळलं. आमच्याकडे ते काम गिऱ्हाईक फुकट करतं.

तक्रार अशी. गाडी जोरात पळते, पण एक्सलरेटरवरून पाय काढला की गुदमरते आणि बंद पडते. म्हणजे प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक स्पीडब्रेकरला. आणि हिंजवडीच्या चौकात तर संध्याकाळी पाय ठेवायची वेळच येत नाही, सगळा कारभार पाय काढण्याचाच. आदल्या आठवड्यात वाकडच्या पुलावर ती अशीच बंद पडली आणि मागून कंपनीची कॅब येऊन धडकली. डिकी चेपली होती. बाईंच्या मानेला पट्टा होता.

"सुहासभाऊ म्हणाले, सवय होईल," वानखेडे म्हणाला.

"मानेला?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे बघा भाऊ, मी याला सांगितलंय. ही गाडी अजून एकदा बंद पडली की विकायची. त्याच दिवशी. यानं कबूल केलंय. तेव्हा तुम्हाला जमत असेल तर हात लावा."

वानखेडे गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. दवाखान्यात माणसं खाटेच्या दांडीवर ठेवतात तसा.

आता जरा समजावून सांगावं लागेल. इंजिन म्हणजे पंगत. हवा म्हणजे पाहुणे आणि पेट्रोल म्हणजे स्वयंपाक. पाहुणे जेवढे, तेवढाच स्वयंपाक पाहिजे. जास्त झाला तर इंजिन गुदमरतं. कमी पडला तर भांडण होतं, आणि इंजिनातल्या भांडणात पिस्टन वितळतो. मग आचाऱ्याने पाहुण्यांचा आकडा कुठून आणायचा? एक रीत अशी की कार्यालयाच्या दारात माणूस उभा करायचा आणि आत येणारा प्रत्येक जण मोजायचा. वानखेड्यांच्या गाडीत कंपनीने तसंच केलं होतं. हवेच्या नळीत एक तापलेली तार असते, हवा जितकी जाईल तितकी ती गार होते, आणि त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. त्याला एअर फ्लो सेन्सर म्हणतात.

दुसरी रीत म्हणजे स्पीड डेन्सिटी. दारात कोणीच नसतं. आचारी पडद्यातून आत डोकावतो. दाटी किती आहे, उकाडा किती आहे, पंगती किती झपाट्याने उठताहेत, हे बघतो आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवतो. इतकी दाटी आणि इतका वेग, म्हणजे इतके पाहुणे. दाटी म्हणजे हवेचा दाब, उकाडा म्हणजे हवेचं तापमान, वेग म्हणजे इंजिनाचे फेरे. तक्ता मात्र कोणीतरी आधी त्याच कार्यालयात बसून, एकेक खाना बघून भरलेला पाहिजे. दुसऱ्याच्या कार्यालयाचा चालत नाही.

वानखेड्यांच्या गाडीत काय होत होतं? पाय काढला की इंजिनाचं दार, म्हणजे थ्रॉटल, बंद होतं आणि टर्बोने दाबलेली हवा नळीत अडकते. तिला वाट द्यायला सुहासने एक व्हॉल्व्ह बसवला होता, जो ती हवा बाहेर सोडून देतो. त्याचा 'फुस्स' असा मोठा आवाज होतो. म्हणजे दारातल्या माणसाने पाहुणे मोजले, आचाऱ्याने त्यांचा स्वयंपाक केला, आणि पाहुणे मागच्या दाराने निघून गेले. उरलेल्या पेट्रोलात इंजिन बुडालं. रोग एवढाच.

याला दोन उपाय होते. पहिला, दोन हात रबरी नळी. व्हॉल्व्हमधली हवा बाहेर न सोडता परत टर्बोच्या आधीच्या नळीत सोडायची. मोजलेले पाहुणे पंगतीला परत. अर्ध्या दिवसाचं काम.

मी वानखेड्याला ते सांगितलं. लपवलं नाही. याला साक्षीदार आहेत.

"मग तो आवाज?" त्याने विचारलं.

"आवाज जाईल."

बायको मला म्हणाली, "याला तो आवाज आवडतो. रस्त्यावरची पोरं वळून बघतात."

"तसं नाही," तो म्हणाला.

"तसंच आहे."

दुसरा उपाय, सेन्सर काढून टाकायचा आणि नवीन कॉम्प्युटर बसवून गाडी स्पीड डेन्सिटीवर घ्यायची. मग पाहुणे मागच्या दाराने जावोत नाहीतर खिडकीतून, आचारी आत बघूनच शिजवणार. आवाज राहणार आणि गाडी बंद पडणार नाही. शिवाय हिंजवडीत तेव्हा सगळीकडे बांधकामं चालू होती. त्या धुळीत सुहासने तेल लावलेला उघडा फिल्टर बसवला होता, आणि त्याचं तेल-माती त्या तारेवर बसत होती. तार अशी मळली की चुकीचं मोजते. सेन्सर नाही तर मळणारही नाही. ही सगळी कारणं खरी होती आणि आजही खरी आहेत.

आणखी एक कारण होतं, ते मी तेव्हा बोललो नाही. सुहासला स्पीड डेन्सिटी येत नव्हती. त्याला पेटीतून काढून बोल्ट आवळायचे पार्ट माहीत होते. तक्ता भरणं त्याच्या बापाला जमलं नसतं. मला पुस्तकातून आणि दोन स्वतःची इंजिनं खराब करून ते जमलं होतं. त्याच्या काचेच्या दुकानातून निघालेली गाडी पत्र्याच्या शेडमधून नीट होऊन बाहेर पडावी, एवढीच माझी इच्छा होती. रबरी नळी लावून ती पूर्ण होण्यासारखी नव्हती.

तेव्हा मी नळी बाजूला ठेवली, पंगतीचा हाच दाखला दोघांना दिला आणि तक्ता विकायला काढला. घासाघिशीत मी सहसा हरत नाही. नवरा पाच मिनिटांत तयार झाला. बाई मात्र मी नमुन्यादाखल दाखवलेल्या तक्त्याच्या कागदाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? दारात मोजणारा माणूस काढला. उद्या तुमच्या त्या कार्यालयात काही बदल झाला, एखादी भिंत पाडली, तर तक्त्याला कसं कळणार?"

प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर की माझं डोकं फिरलं. शेडमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. खरं उत्तर असं की तक्त्याला कळत नाही. इंजिनात हवा येण्याच्या किंवा धूर जाण्याच्या वाटेवर काहीही बदललं, नुसता मागचा पाइप बदलला, तरी तक्ता खोटा पडतो. सेन्सरला मात्र ते कळतं. हे सांगितलं असतं तर नवरा डगमगला असता, बाई नळीवर आल्या असत्या आणि सौदा संपला असता.

मी म्हणालो, "म्याडम, तुमी तुमचा कॉम्प्युटर बघा, मी माझा बघतो. वीस वर्षं झाली हितं तेल अंगावर घेतोय."

वीस झाली नव्हती.

बाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी बॅगेतून कागद काढला. "मग लिहून द्या. एक वर्ष बंद पडणार नाही."

"सहा महिने."

"आठ."

"आठ. पन इंजिन दुसऱ्यानं उघडलं तर माझी जबाबदारी न्हाई."

"लिहा," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. 'इंजिन दुसरीकडे उघडल्यास हमी राहणार नाही.' खाली सही केली. पाइपाबद्दल त्यात काही नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं आणि डोक्यातच राहिलं.

पुढचे चार दिवस मी आणि वानखेडे पहाटे उठून माले ते मुळशी रस्त्यावर होतो. तो चालवणार, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. तक्त्यात आडवे इंजिनाचे फेरे, उभे दाब, मधे शेकडो खाने. एकेका खान्यात गाडी नेऊन काही सेकंद धरायची, धुराच्या नळीत लावलेल्या सेन्सरवर पेट्रोल कमी की जास्त ते बघायचं, आकडा दुरुस्त करायचा आणि पुढच्या खान्यात. दर वेळी तोच रस्ता, तोच चढ, तीच चिंचेची वळणं. दुसऱ्या दिवशी माल्याजवळ बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात करून गाडी थांबवली.

"आरं सकाळपास्नं पंधरा खेपा झाल्या तुमच्या. काय हरावलंय का?"

"न्हाई बाबा," मी म्हणालो. "हवा मोजतुय."

त्याने आभाळाकडे बघितलं, धरणाकडे बघितलं. "मोजा," तो म्हणाला. "हितं लई हाय."

चौथ्या दिवशी तक्ता भरून झाला. जवळजवळ. सगळ्यात वरच्या दोन ओळी, म्हणजे टर्बो पूर्ण दाबात असतानाच्या, भरायच्या राहिल्या होत्या. त्या दाबाला ती गाडी सहसा जातच नव्हती, सुहासने टर्बोला लावलेली स्प्रिंग त्याआधीच दाब सोडून द्यायची. आणि तेवढा दाब धरून ठेवायला माल्याचा रस्ता पुरत नाही, मधे म्हशी असतात. मी खालच्या ओळींवरून वरच्या ओळींचा अंदाज बांधला आणि आकडे टाकले. सगळे तसंच करतात. खाना रिकामा ठेवता येत नाही.

गाडी अप्रतिम झाली. हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणण्याची सोय पुढे राहिली नाही. वानखेडे बाईंनी ती स्वतः हिंजवडीच्या चौकातून संध्याकाळी सहा वाजता नेली. पाऊण तास. पाय काढला, फुस्स, फेऱ्यांचा काटा नऊशेवर येऊन थांबला. हलला नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "भाऊ, नाही पडली बंद," बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "चांगलं काम केलं." मी त्या दिवशी शेड लवकर बंद केली.

पाच महिने ठीक गेले.

सहाव्या महिन्यात, दुपारी, ताम्हिणी घाटातून टोइंगवाल्याचा फोन आला की एक गाडी तुमच्याकडे टाकायला सांगितली आहे. गाडी आली. मागून रिक्षाने वानखेडे आला. आधी गाडीच्या मागे गेलो, कारण मागून काहीतरी वेगळं दिसत होतं. खाली वाकलो. टर्बोपासून डिकीपर्यंत नवा कोरा पाइप. रुंद, चकचकीत, वेल्डिंग सुरेख. मनगट जाईल एवढा.

"हे कोनी केलं?"

"सुहासभाऊंनी. गेल्या रविवारी. म्हणाले, गाडी अजून मोकळी होईल." त्याला माझा चेहरा दिसला असावा. "इंजिन नाही उघडलं भाऊ. नुसता पाइप आहे. मी कागद वाचून मगच गेलो होतो."

मी जे बोललो ते अंकात छापता येणार नाही. वानखेडे उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

पाइप रुंद झाला म्हणजे धूर लवकर बाहेर गेला, टर्बो त्या स्प्रिंगलाही आवरेना इतका फिरला, हवा जास्त आली. दारात मोजणारा माणूस नाही. आचारी जुना तक्ता बघून शिजवत राहिला. घाटाच्या चढावर पूर्ण दाबात पेट्रोल कमी पडलं, आणि तीन नंबरचा पिस्टन गेला.

दोन दिवसांत मला बातमी लागली की इंटरनेटवर गाडीवाल्यांची जी चावडी आहे तिथे सुहासने लिहिलं आहे. नाव न घेता. 'मुळशीत एका मेस्त्रीने चांगल्या गाडीचा सेन्सर काढून टाकला आणि इंजिन घालवलं.' मेस्त्री हा शब्द मला लागला नाही. मी मेस्त्रीच आहे. पण सुहाससुद्धा मेस्त्रीच होता, आठ वर्षं माझ्या शेजारी.

मी त्याच्या दुकानात गेलो. काच ढकलायची की ओढायची ते कळेना, त्यामुळे आत जाईपर्यंत राग दुप्पट झाला होता. मी जे बोलायचं ते उभ्यानेच बोललो. गिऱ्हाइकं बघत होती. सुहासने मला बोलू दिलं. मग कागदी पेल्यात कॉफी ओतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"दत्त्या," तो म्हणाला, "मला स्पीड डेन्सिटी येत नाही. पाइप बदलला की तक्ता बदलावा लागतो, हे मला कोणी शिकवायचं? तुझं काम, तुझा तक्ता. तू त्यांना सांगितलं होतंस का, की पाइपाला हात लावू नका?"

मी कॉफी न पिता निघालो. त्याच्याविषयी मला जो राग आहे तो पाइपाचा नाही, चावडीवरच्या लिखाणाचाही नाही. तो या प्रश्नाचा आहे. तो त्याने विचारायला नको होता.

शनिवारी वानखेडे दोघं आले. मी इंजिन उघडून ठेवलं होतं. पिस्टन बाकावर फडक्यावर ठेवला होता. त्याच्या डोक्याची कड मेणबत्तीसारखी ओघळली होती. बाईंनी तो हातात घेतला, वजन बघितलं, परत ठेवला. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. पाइप, सुहास, कागदावरची अट.

"तुमी मला इचारलं होतं," माझ्या तोंडून निघालं. "बदल झाला तर तक्त्याला कसं कळनार म्हनून. न्हाई कळत. मला म्हाईत होतं. सांगितलं न्हाई."

"काहून?" बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अमरावती ऐकली.

"सौदा मोडला असता."

वानखेडे खाली बघत होता. कबूल केल्याप्रमाणे गाडी विकायची होती आणि विकायला आता इंजिनही नव्हतं.

"मी खर्चात अर्धा हाये," मी म्हणालो. हे मी आयुष्यात घासाघीस न करता बोललेलं एकमेव वाक्य आहे. "सेन्सर परत बसवतो. नळी लावतो. आवाज जाईल. पन साहेबानं पुढं काय बदललं तरी सेन्सरला कळंल."

"बसवा," वानखेडे म्हणाला. "मला आवाज नको. काहीच नको."

बाई म्हणाल्या, "थांब." मग मला, "सेन्सरवर धूळ बसली आणि तो चुकला, तर कोणाला कळेल?"

"एकदम न्हाई कळत. हळूहळू बिघडतं."

"आणि तक्ता चुकला तर?"

"तक्ता मी भरलाय. बघितला तर मला कळंल."

"मला दाखवा," त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसल्या.

नव्या कॉम्प्युटरच्या डब्यात शेवटच्या काही मिनिटांची नोंद राहते. इंजिन गेलं त्या क्षणाला ते कोणत्या खान्यात होतं ते बाईंनी शोधून काढलं. मला शोधायचं होतं, पण मी हळू पडलो. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. वरून दुसरी ओळ.

"हा खाना कोणत्या दिवशी भरला? बाकी सगळ्या खान्यांच्या नोंदी आहेत. या दोन ओळींची एकही नाही."

मी सांगितलं. म्हशींचंही सांगितलं.

"म्हणजे अंदाज," त्या म्हणाल्या.

"सगळे तसंच करत्यात."

"आमच्याकडेही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाइपाने गाडी तिथवर नेली, पण तिथे माझा आकडा बसलेला होता. तो बरोबर असता तरी नव्या पाइपाला पुरला नसता. तरीही तो मी मोजलेला नव्हता, आणि हे इथे लिहिणं भाग आहे.

बाईंनी ठरवलं ते असं. गाडी स्पीड डेन्सिटीवरच ठेवायची. तारेवरची धूळ कोणाला दिसत नाही, तक्ता निदान उघडून बघता येतो. पाइप आहे तो राहू दे, तक्ता नव्याने भरायचा. भरताना त्या स्वतः लॅपटॉप घेऊन बसणार, मी मागे बसून सांगायचं. आणि विकायची अट तशीच.

"अशी गाडी कशाला ठेवतेस?" वानखेड्याने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"आता ती कशी चालते ते मला माहितीये," त्या म्हणाल्या. "दुसरी घेतली तर परत माहीत नसणार."

इंजिन बांधायला तीन आठवडे लागले. मग पुन्हा माल्याचा रस्ता. बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन पुढे, मी मागे गुडघे छातीशी घेऊन. त्या एक खाना दोनदा भरून घ्यायच्या, दोन्ही आकडे जुळले तरच पुढे. मी असं कधी केलं नव्हतं. मी तसं बोललो नाही, पण आता तसंच करतो.

वरच्या दोन ओळी पुन्हा आल्या. रस्ता तेवढाच, म्हशी तेवढ्याच. मी मागून म्हणालो, "खालच्यावरनं काढू, जरा जास्त पेट्रोल टाकू. चालंल."

"रिकामे ठेवता येतात का?"

"खाना रिकामा ऱ्हात न्हाई, म्याडम."

"मग गाडी तिथे जाऊच द्यायची नाही. असं काही करता येतं का?"

येतं. दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, दाब खाली आला की परत देतो. ही सोय डब्यात पहिल्यापासून होती. मी ती वापरली नव्हती, कारण गिऱ्हाइकाला पळणारी गाडी हवी असते, अडणारी नव्हे. मी सांगितलं कुठे टाकायचं. आकडा त्यांनी टाकला, आम्ही जिथपर्यंत मोजलं होतं बरोबर तिथे.

मग आम्ही ताम्हिणीकडे निघालो. वानखेडे चालवत होता, आणि घाट लागेपर्यंत तो म्हाताऱ्यासारखा चालवत होता. चढ सुरू झाला तसा त्याचा पाय हळूहळू खाली गेला. टर्बोचा आवाज चढत गेला, गाडी ओढायला लागली, एक वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडावर इंजिन खाडकन बंद पडलं. कोणी मागून दोरी ओढावी तशी गाडी जागच्या जागी आखडली.

वानखेड्याने पाय काढला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. दाब आकड्याखाली येताच इंजिन परत चालू झालं होतं, पण त्याला ते कळलं नव्हतं. तो रस्त्याकडे न बघता बायकोकडे बघत होता. तिने सांगितलेल्या अटीप्रमाणे गाडी आज विकायची होती.

बाईंनी स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत. बोटाने एक ओळ मोजली, मग तिच्यावरची.

"इथली हवा आपण मोजलेली नाही," त्या म्हणाल्या. "एक गिअर खाली घे. चल."